पनवेलचं पाणी : खाडी, गाढी नदी आणि चांदरातीचा हिशेब

जोराचा पाऊस झाला की पनवेलच्या बातमीत ठरलेली नावं येतात. पटेल मोहल्ला, कच्छी मोहल्ला, कोळीवाडा. "गाढी नदीला पूर, सखल भागात पाणी शिरलं." एक-दोन दिवस फोटो फिरतात, पाणी ओसरतं, लोक गाद्या उन्हात टाकतात आणि विषय संपतो.

पण पाणी दर वेळी याच वस्त्यांत का येतं? नाले साफ होत नाहीत, हे एक कारण झालं. खरं उत्तर मात्र शहराच्या जागेत आहे. पनवेल जिथे वसलं तिथे का वसलं, तिथलं हवामान कसं आहे आणि गेल्या दोनशे वर्षांत आजूबाजूला काय काय बदललं, हे एकदा नीट समजून घेतलं की पुराचं कोडं सुटतं. आज मुंबई, मुंब्रा, कुर्ला सोडून कितीतरी मुस्लिम कुटुंबं पनवेल, तळोजा, खारघरकडे घर शोधायला येत आहेत. त्यांनाही या माहितीचा उपयोग होईल.

शहर नेमकं कुठे आहे?

पनवेल रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. पण हे उघड्या समुद्रावरचं शहर नाही. मुंबई बंदराच्या मागे ठाणे खाडी आहे, तिला लागून आत शिरलेला एक फाटा म्हणजे पनवेलची खाडी. या खाडीच्या अगदी टोकाला, जिथे नदीचं गोडं पाणी आणि भरतीचं खारं पाणी एकमेकांना भेटतं, तिथे जुनं पनवेल उभं आहे.

पूर्वेला डोंगरांची रांग आहे : माथेरान, प्रबळगड, कलावंतीण, चंदेरी. दक्षिणेला गोवा रस्त्यावर कर्नाळा किल्ला, त्याचा अंगठ्यासारखा सुळका लांबूनही ओळखू येतो. किल्ल्याच्या पायथ्याचं जंगल १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे.

या डोंगरांवरून गाढी नदी निघते. देहरंग, नेरे करत ती नवीन पनवेल आणि जुनं पनवेल यांच्या मधून खाडीला मिळते. काळुंद्रे नदीही इथेच येते. उत्तरेला तळोज्याच्या बाजूने कासाडी नदी वाहते. या सगळ्या नद्या आखूड आहेत. गाढीचा उगम ते खाडी हा प्रवास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचा. म्हणजे माथेरानच्या बाजूला ढग फुटला की काही तासांत ते पाणी शहराच्या दारात येतं. गोदावरी किंवा कृष्णेच्या पुरासारखी दोन दिवस आधी सूचना इथे मिळत नाही.

बंदराचं गाव

आता कोणी विचारेल, अशा जागी गाव वसवलंच कशाला? कारण त्या काळी हीच सगळ्यात सोयीची जागा होती.

मुंबई बेट. तिथून पुण्याला, म्हणजे घाटावर जायचं तर मधे समुद्र, मग डोंगर. त्यामुळे माणूस आणि माल होडीत बसून भरतीबरोबर पनवेलला यायचा, आणि इथून बैलगाडी, घोडा नाहीतर पालखीने खोपोली, बोरघाट करत पुण्याला जायचा. घाटावरून धान्य, गूळ, कापूस खाली उतरायचा तो इथेच होडीत भरला जायचा. होडीचं शेवटचं ठिकाण आणि गाडीचं पहिलं ठिकाण म्हणजे पनवेल. टपाल नाका, उरण नाका ही नावं आजही रोज आपल्या तोंडात असतात.

या वाटेवर ताबा असावा म्हणून कर्नाळ्यासाठी लढाया झाल्या. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हा किल्ला गुजरातच्या सुलतानाच्या माणसांकडून घेतला. पुढे पोर्तुगीजही त्यात उतरले. शिवाजी महाराजांनी तो जिंकला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात कर्नाळा आणि प्रबळगड होते, आणि १६७० मध्ये कर्नाळा पुन्हा स्वराज्यात आला. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला.

इंग्रजांना या वाटेचं महत्त्व लगेच कळलं. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलच्या बाजाराला बरकत आली. वाहतूक वाढली तशी बैलगाड्यांची गरज वाढली, आणि गाडीची चाकं बनवणं हा इथला मोठा धंदा झाला. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. त्याआधी सात वर्षं, १८४५ मध्ये, जवळच्या शिरढोण गावात वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला होता.

मोहल्ले, आळ्या आणि तळी

बंदर म्हटलं की तिथे सगळ्या जातीधर्माची माणसं येतात. पनवेलही तसंच. खाडीवर कोळी आणि आगरी. आगरी हे नावच मिठागराच्या 'आगर' शब्दाशी जोडलेलं. कोकणी मुसलमान या किनाऱ्यावर शेकडो वर्षांपासून आहेत, शेती, होडी आणि व्यापार या तिन्हीत. त्यांची बोली कोकणी-मराठी, जेवणात तांदळाची भाकरी आणि मासळी. कच्छी मोहल्ला या नावात तर व्यापारासाठी कच्छहून आलेल्या लोकांची आठवण सरळच आहे. पीर करमअली शाह यांच्या दर्ग्यात सगळ्या समाजाचे लोक येतात.

आणखी एक समाज विसरून चालणार नाही : बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पनवेलचं त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं आहे. १९४८ नंतर बरेचसे लोक इस्रायलला गेले, पण सिनेगॉग अजून आहे आणि शहरातल्या एका तळ्याचं नाव आजही इस्रायल तलाव आहे.

तळ्यांवरून आठवलं. जुन्या पनवेलमध्ये वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे अशी तळी आहेत. आज आपण त्यांना फिरायची जागा समजतो. पण तळ्याला दोन कामं असतात. पावसाळ्यात वरून आलेलं पाणी थोपवून धरायचं आणि उन्हाळ्यात विहिरींना झरा पुरवायचा. जुन्या लोकांनी खाडीच्या टोकाला गाव वसवलं, तेव्हा पाण्याला बसायला जागाही ठेवली होती. पुढची सगळी गोष्ट ही जागा कमी होत गेल्याची आहे.

रेल्वे दुसरीकडून गेली

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली. पुढे लोहमार्ग कल्याण, कर्जतवरून पुण्याकडे वळला आणि १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागली. पनवेल बाजूला राहिलं. मुंबईहून पुण्याला जायला आता होडीची गरज उरली नाही. घाटावरचा माल सरळ गाडीत चढू लागला.

पनवेल बसलं नाही, पण वाढही थांबली. भात, भातगिरण्या, मीठ, सुकी मासळी आणि आठवड्याची खरेदी यावर शहर चालत राहिलं. १८७२ मध्ये सुरू झालेला धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना याच गावचा. १८८३ मध्ये पनवेल तालुका ठाण्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला. कुलाब्याचं 'रायगड' हे नामकरण १९८१ चं, बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असतानाचं. ते याच जिल्ह्यातल्या आंबेतचे.

पनवेलला रेल्वे आली ती १९६४ मध्ये, दिव्याहून. हार्बर लोकल पोचली १९९८ मध्ये. त्याच वर्षी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून निघतो, आणि कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेललाच सुरू होतो. म्हणजे दीडशे वर्षांनी पनवेल पुन्हा तेच झालं जे ते आधी होतं : मुंबईतून बाहेर पडायचं दार. फरक एवढाच की आता कोणी भरतीची वाट बघत नाही. पण भरती मात्र यायची थांबलेली नाही.

पाऊस किती आणि कसा?

पनवेलला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात तीन लाख लिटर पाणी पडतं, ते असं. आणि हे बहुतेक सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच.

कारण सोपं आहे. नैऋत्येचा वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो. समोर माथेरान-प्रबळगडाची भिंत असते. हवा वर चढते, थंड होते आणि पाणी सोडते. म्हणून शहरात पाऊस थांबलेला असला तरी डोंगरावर तो चालू असू शकतो. मोहल्ल्यात ऊन पडलंय आणि नदी मात्र चढतेय, असं दिसतं ते यामुळेच.

बाकीचं वर्ष दमट. मे महिन्यात पारा पस्तीसच्या वर जातो, पण त्रास होतो तो घामाचा. डिसेंबर-जानेवारीत डोंगराकडून थंड वारा येतो तेवढाच दिलासा.

चांद आणि भरती

आता मुख्य मुद्दा. नुसत्या पावसाने पनवेल बुडत नाही, नुसत्या भरतीनेही नाही. दोन्ही एकदम आले की नदीचं पाणी खाडीत उतरत नाही, मागे फुगतं आणि वस्तीत शिरतं. भरतीची वेळ चंद्रावर ठरते, आणि आपलं हिजरी कॅलेंडर तर चंद्रावरच चालतं. म्हणजे हा हिशेब आपल्याला सगळ्यात सोपा जायला हवा.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सगळ्यात मोठी असते. किनाऱ्यावर तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, तो भांग. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती साडेचार मीटरच्या वर जाते. हिजरी तारखेत सांगायचं तर चांद दिसल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस, आणि महिन्याची १४ ते १७ तारीख, हे उधाणाचे दिवस.

वेळ काढायचा जुना हिशेब कोळी बांधव आजही सांगतात : तिथीची पाऊणपट करा. सप्तमी असेल तर सात गुणिले पाऊण, म्हणजे सव्वापाच. त्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. पनवेल खाडीच्या टोकाला असल्याने इथे पाणी मुंबईपेक्षा थोडं उशिरा चढतं.

यातून एक कामाची गोष्ट निघते. उधाणाच्या दिवसांत भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा नव्या चांदच्या आसपास, दुपारी बारा ते दोन किंवा रात्री बारा ते दोन या वेळेत डोंगरावर जोराचा पाऊस असेल, तर सखल मोहल्ल्यांनी सावध व्हायलाच हवं. रात्रीची भरती जास्त वाईट, कारण तेव्हा लोक झोपेत असतात.

२६ जुलैने काय शिकवलं

२६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पनवेल, कळंबोलीतही घरांत पाणी शिरलं. पनवेलच्या सिनेगॉगमध्येही पुराचं पाणी गेलं आणि हाताने लिहिलेल्या तोराच्या जुन्या गुंडाळ्या खराब झाल्या. शेजारी मुसलमान असो, हिंदू असो की यहुदी, पाण्याने कोणाला निवडलं नाही. खाली राहणारा प्रत्येक जण भिजला.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पौर्णिमा २१ जुलैला होऊन गेली होती. म्हणजे २६ तारखेला मोठं उधाण उतरणीला लागलं होतं, तरी दुपारी तीनच्या सुमाराला साडेचार मीटरच्या आसपास भरती होतीच. तेव्हा चांद बघून सावध राहायचं, पण 'आज उधाण नाही' म्हणून निर्धास्त मात्र व्हायचं नाही.

पाण्याची जागा कुठे गेली?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यातल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेतली गेली. या जमिनीत भातशेती होती, मिठागरं होती, खारबांध घातलेली खाजणं होती. भरपाईसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. १९८४ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली.

भातखाचर आणि खाजण म्हणजे पाण्याच्या दृष्टीने उथळ भांडीच. पाऊस आला की तिथे भरतो, ओहोटी आली की हळूहळू निघून जातो. त्यावर भराव टाकला की तेच पाणी दुसरी खालची जागा शोधतं. सिडकोने हे ओळखून धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची झापं मिटतात, आतलं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर सोडलं जातं. पद्धत चांगली आहे. पण तलावात गाळ साचला की साठवण घटते, आणि कळंबोली, कामोठ्याच्या रस्त्यांवर पाणी दिसू लागतं.

त्यानंतर आला विमानतळ. १,१६० हेक्टर जागा. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर अशी गावं उठली, उलव्याची टेकडी फोडली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दलदलीवर भराव झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याआधी १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. रोजगार आला, जमिनीचे भाव चढले, हे खरं. पण खाडीच्या तोंडाशी एवढी उंच जमीन तयार झाल्यावर मागच्या जुन्या वस्त्यांचं पाणी कुठून आणि किती वेळात जाईल, हा प्रश्न पनवेलकरांनी विचारत राहायला हवा.

खारफुटीचंही तसंच. ही झाडं भरतीचा जोर मोडतात, गाळ धरतात आणि कोलंबी, चिंबोरी, जिताड्याची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटी तोडण्यावर राज्यभर बंदी घातली आहे. कासाडी नदीची अवस्था तर २०१७ मध्ये सगळ्या देशाने पाहिली. रंगाचं सांडपाणी नदीत गेलं आणि तळोज्यातली भटकी कुत्री निळी दिसू लागली. खाडीत मासा का मिळत नाही, हे त्यानंतर वेगळं सांगायला नको.

पावसात पूर, उन्हाळ्यात टँकर

एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात पनवेलमध्ये पाणीटंचाई असते. गाढीवरचं देहरंग धरण जुन्या शहराचं. ते लहान आहे, त्यात गाळही आहे. उन्हाळा लागला की ते तळाला जातं आणि बाहेरून पाणी घ्यावं लागतं. २०११ च्या जनगणनेत पनवेल नगरपालिकेची लोकसंख्या १,८०,०२० होती. १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. खारघर, कळंबोली, कामोठे, तळोजा आणि २९ गावं धरून क्षेत्र ११० चौरस किलोमीटर झालं. माणसं वाढली, धरण तेवढंच राहिलं.

वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नका, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. मशिदीच्या आणि मदरशाच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत किंवा जुन्या विहिरीत सोडलं, तर ती शिकवण अमलात येईल आणि नाल्यावरचा भारही थोडा हलका होईल.

घर घेताना आणि पावसाळ्याआधी

नदीकाठी घर बघत असाल तर बिल्डरला भाव विचारण्याआधी पूररेषा विचारा. जलसंपदा विभाग नदीला दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "२५ वर्षांतून एकदा" ऐकून लोक निश्चिंत होतात. पण याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. अशा घरात २० वर्षं राहिलात तर तेवढा पूर किमान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के होते. लाल रेषेवरच्या घरासाठीही ती १८ टक्के आहे. आयुष्याची पुंजी घालताना हा आकडा माहीत असावा.

जे आधीच खाली राहतात, त्यांना घर बदला असं सांगणं सोपं आहे, पण ते शक्य नसतं. त्यांच्यासाठी काही गोष्टी मोहल्ल्याच्या पातळीवर करता येतात. जून ते सप्टेंबरच्या उधाणाच्या तारखा आणि वेळा मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लावाव्यात. देहरंग, नेरे भागात ओळखीचं कोणी असेल तर डोंगरावरच्या पावसाची खबर फोनवर मिळावी, अशी सोय करावी. घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी यांची यादी तरुणांकडे असावी. आधार, रेशन कार्ड, निकाहनामा, मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत वरच्या फळीवर ठेवावेत. मीटर आणि स्विच जमिनीपासून उंच घ्यावेत. आणि कोळीवाडा, मोहल्ला, आळी यांनी नालेसफाईचं, पंपाचं निवेदन वेगवेगळं न देता एकत्र द्यावं. पाणी एकाच नाल्यातून येतं, तर अर्जही एकच असू द्या.

गाढी आणि खाडी जागची हलणार नाहीत. पुढच्या पावसाळ्यात चांद दिसला की ईद किंवा मोहरमचा दिवस मोजताना भरतीचाही दिवस मोजा, आणि खालच्या घरातल्या शेजाऱ्याला आठवणीने सांगा.